अस्मान मास्तर

आज सकाळी कपिलतीर्थ मार्केटात मेथीची जुडी उचलली, तर भाजीवाली मावशी माझ्याकडं टक लावून बघत म्हणाली, "तुमी ते अस्मान मास्तर न्हवं?" शेजारच्या कोथिंबीरवालीनं लगेच मोबाइल काढला. दोघींनी डोक्याला डोकं लावून सबंध व्हिडिओ बघितला, माझ्यासमोर, आणि शेवटाला आल्यावर परत मागं नेऊन बघितला. मी जुडी धरून उभा. एवढी करमणूक केली, पण मेथी वीस रुपयालाच दिली. एक रुपया सुटला नाही.

२२ वर्षं मी शाळेत भूमिती शिकवतोय. या गावातल्या कितीतरी पोरांना पायथागोरस मी दाखवला, त्याचं कुणाला काही नाही. ओळख मिळाली ती घरावरचं छप्पर गेल्यावर.

छप्पर का बदललं ते एकदा सांगून टाकतो. कोल्हापुरात शिवाजी पेठेतलं आमचं घर आजोबांचं, मंगलोरी कौलांचं, आणि उत्तरेला डेरेदार चिंच. चिंचेखाली घर असणं उन्हाळ्यात भाग्याचं. पण गगनबावड्याकडनं एकदा झड सुरू झाली की आमच्या उत्तरेकडच्या पाख्याला, म्हणजे छपराच्या त्या उताराला, दसऱ्यापर्यंत ऊन म्हणून दिसत नाही. कौल शेवटी भाजलेली माती, ते पाणी पितं. ऊन मिळालं तर वाळतं. नाही मिळालं तर आधी काळं पडतं, मग हिरवं, मग त्यावर मखमल येते. ही मखमल कौलांच्या सांध्यात शिरते आणि समईतल्या वातीसारखी पाणी ओढून घेऊन बरोबर आत सोडते. त्यात चिंचेचा पाला एवढा बारीक की झाडून निघत नाही. तो सांध्यात कुजतो, त्याचं खत होतं, आणि त्या खतात कावळ्याच्या कृपेनं पिंपळ उगवतो. बायकोची मावशी एकदा अंगणात उभी राहून वर बघत म्हणाली, "दगडफूल हाय काय वं ते? चटणीला चाललं असतं."

वडील होते तेव्हा दर मे महिन्यात शाकारणी व्हायची. एक म्हातारा यायचा, मांजराच्या पावलानं वर चढायचा. कुठलं कौल फुटलंय हे त्याला पायाच्या तळव्याला कळायचं. फुटकं काढ, सरकलेलं बसव, शेवाळ खरवड, मृगाच्या आत घर तयार. आता शाकारणारा माणूस मिळत नाही, मिळाला तर त्याचा मुलगा त्याला वर चढू देत नाही. म्हणून पत्रा. लोखंडी पाइपचा सांगाडा आणि वर रंगीत पत्रा, तांबडा, म्हणजे लांबून कौलासारखा दिसावा. (दिसत नाही.)

उद्यमनगरातल्या एका मिस्त्रीला मी मार्चमध्ये ॲडव्हान्स दिला. अक्षय्य तृतीयेला चालू करतो म्हणाला. आला मे सरता सरता. २०२५ साली मान्सून २४ मेलाच केरळात येऊन थडकला होता, तेव्हापासून मी मे महिन्यावर विश्वास ठेवत नाही. मिस्त्री ठेवतो. "चार दिवसांचं काम हाय सर, पाऊस काय आत्ता येतोय काय," असं म्हणून त्यानं चार पोरं वर चढवली आणि पहिलं कौल काढलं.

आणि समोरच्या घरातून तात्या प्लास्टिकची खुर्ची घेऊन बाहेर आले.

तात्यांविषयी जरा सविस्तर सांगायला पाहिजे. वय सत्तरीच्या पुढं, डोक्याला फेटा नसला तरी फेटा आहे असं वाटावं अशी मान. उमेदीत नोकरी केली म्हणतात, पण खरं आयुष्य गेलं गावोगावच्या जत्रांत, कुस्तीच्या मैदानावर निवेदन करण्यात. ज्यांनी असलं निवेदन ऐकलं नाही त्यांना सांगून कळायचं नाही. आखाड्यात दोन पैलवान नुसते एकमेकांच्या मानेवर हात टाकून पाच मिनिटं उभे असतात, आणि हा माणूस माइकवरून त्या पाच मिनिटांत त्यांची घराणी, वस्ताद, खुराक आणि मागल्या तीन जत्रा सांगून काढतो. हलगी वाजत असते, आणि काहीही घडत नसताना पब्लिक उभं राहिलेलं असतं. मे संपला की मैदानं संपतात. मग तात्यांचा आवाज त्यांच्या घरात मावत नाही.

"आलाऽऽ आलाऽऽ आला!" खुर्चीत बसता बसताच तात्यांनी सुरू केलं. माइक नव्हता, गरजही नव्हती. "उद्यमनगरच्या वस्तादाचा पठ्ठ्या आढ्यावर चढला! कवळं पोर, पर अंगात बिजली! आन समोर कोण? समोर मास्तरांचं छप्पर! तीन पिढ्या झेलल्यालं, मुरल्यालं, कुणापुढं न वाकल्यालं!"

"गळल्यालं," तात्यांचा नातू म्हणाला.

"गळल्यालं!" तात्यांनी तेही घेतलं. "पठ्ठ्यानं वाशाला हात घातला! एकेरी पट काढला! वासा सोडंना... वासा सोडंना... ढाक लावली! हां हां हां! सुटला, वासा सुटला! शाब्बास रं वाघा!"

गल्लीतल्या गॅलऱ्या भरल्या. दुधाची किटली घेऊन निघालेला माणूस किटलीसकट थांबला. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि तिथंच घात झाला, कारण वरच्या पोरांनी त्या ऐकल्या. त्यातला एक पोरगा मग प्रत्येक कौल काढण्याआधी मांडीवर शड्डू ठोकायला लागला. कौल काढायचं, गर्दीला दाखवायचं, मग खालच्याकडं फेकायचं. खालचा ते झेलून कपाळाला लावायचा. दुपारपर्यंत एका पाख्याची निम्मी कौलंसुद्धा उतरली नव्हती. मजुरी रोजावर ठरलेली. म्हणजे गल्लीच्या या कार्यक्रमाचं तिकीट मी एकटा भरत होतो, आणि बसायला मला जागा नव्हती.

मी तात्यांना समजावून सांगायला गेलो. हातात एक कौल होतं, पाठीवर झिजलेला शिक्का, त्यात 'मंगळूर' एवढंच वाचता येत होतं. विषय बदलावा म्हणून म्हटलं, "तात्या, बासेल मिशनच्या लोकांनी मंगळूरला १८६५ साली असल्या कौलांचा कारखाना काढला, त्या जातीची ही." मास्तरकीची खोड, दुसरं काय.

तात्यांनी कौल माझ्या हातातून घेतलं, उभे राहिले आणि ते डोक्यावर धरलं. "१८६५ सालची कौलं! शाहू महाराजांचा जन्म १८७४ चा! म्हंजे महाराजांच्या आधी नऊ वर्सं ही कौलं या पेठेत पावसाला तोंड देत हुती!"

"अहो तात्या, कारखाना १८६५ चा. घर आजोबांनी..."

"आन मास्तर ती भंगारात घालायला निघालेत!"

गल्लीनं माझ्याकडं ज्या नजरेनं बघितलं ती मी विसरणार नाही. संध्याकाळपर्यंत दोन जण येऊन विचारून गेले, कौलं म्युझियमला का देत नाही म्हणून. शेवटी ती नेली एका टेम्पोवाल्यानं, नगाला चार रुपये भावानं. पन्हाळ्याच्या रस्त्याला हॉटेलवाल्यांना हवी असतात म्हणे, दर्शनी भागाला लावायला, खाली चूल मांडायची आणि 'गावरान'ची पाटी. त्यावरचं शेवाळसुद्धा खरवडू नका म्हणाला. लूक येतो. तीन पिढ्या ज्या शेवाळाला शिव्या घातल्या, त्याचाही पैसा झाला, फक्त आमचा झाला नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी चारला छप्पर पूर्ण उघडं झालं आणि सव्वाचारला चिंचेच्या मागून काळं वर आलं. वळीव सांगून येत नाही हे खरं, पण एवढं टपून बसलेलं मी कधी बघितलं नव्हतं. पोरं भराभर उतरली आणि समोरच्या वळचणीला जाऊन उभी राहिली. मिस्त्री चहाला गेला होता, तो चहालाच राहिला. ताडपत्री आणतो म्हणाला होता, ती 'उद्या' होती.

पहिल्या मजल्यावर वर्षाची चटणीची मिरची वाळत घातलेली. आमच्या हिनं आधी मिरची उचलली, मग टीव्हीवर सतरंजी टाकली. माझा नंबर तिसरा होता. इथं एक गोष्ट ध्यानात घ्या. तीन दिवस कौलं उतरत होती, त्यांचा तांबडा भुगा सबंध घरात पसरलेला. त्यावर पाऊस पडला. तालमीत लाल माती करायला तेल, ताक, हळद, लिंबू काय काय घालतात. आमच्या सोप्यात नुसत्या पाण्यानं दोन मिनिटांत तसलाच आखाडा तयार झाला. पुस्तकांचं कपाट झाकायला मी धावलो, उजवा पाय पुढं गेला, डावा त्याला विचारायला गेला, आणि मी उताणा.

पाठ टेकलेली, दोन्ही खांदे जमिनीला, वर छप्पर नाही. डोळ्यांसमोर आभाळ, तेही गळणारं.

दारात तात्या उभे होते. त्यांना हसू आलं नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो. त्यांचे डोळे भरून आले होते. जन्मभर ज्या क्षणाची वाट बघावी तो समोर आल्यावर माणूस जसा होतो तसे ते झाले होते.

"चितपऽऽट!" ते ओरडले. "निकाली कुस्ती! वळवानं मास्तरांना अस्मान दावलं! खऱ्याखुऱ्या अर्थानं अस्मान दावलं!"

नातवाचा मोबाइल चालूच होता. तो व्हिडिओ तो. पुढं तो शाळेतही पोचला. आठवी ब मध्ये मी फळ्याकडं वळलो की मागच्या बाकावरून बारीक आवाजात "अस्मान" येतं.

मला उठवताना तात्या समजूत घालत होते. "मास्तर, मनाला लावून घिऊ नका. खासबागेच्या कुस्तीच्या मैदानाला तरी कुठं छप्पर हाय? शाहू महाराज विलायतेला गेले, रोमचं मैदान बघून आले, आन आपलं उघडंच बांधलं न्हवं?" मला त्यावर उत्तर सुचलं नाही. अजून सुचलेलं नाही. माझ्या घरात मी झोपतो, खासबागेत कुणी गादी टाकून झोपत नाही, हे मला रात्री दोन वाजता सुचलं, अंगावर प्लास्टिकचा कागद घेऊन बसलो असताना, आणि तेव्हा ऐकायला तात्या नव्हते.

आता खरं दुखणं सांगतो, कारण पडण्याचं मला एवढं काही नाही.

पाऊस उघडल्यावर सांगाडा उभा राहिला, पत्रे आले. पोरांनी पश्चिमेकडच्या टोकापासून पत्रा ठोकायला घेतला. तात्या खुर्चीत. दुसरा पत्रा पहिल्यावर चढला आणि तात्या एकदम ओरडले, "आरं बगल उघडी टाकलीस लेका! पाऊस बगलडूब मारंल! बगलडूब मारून आत घुसंल!"

बगलडूब म्हणजे समोरच्याच्या काखेखालनं घुसायचा डाव. आम्हाला वाटलं, निवेदन. गल्लीनं टाळ्या दिल्या. पोरगा वरून शड्डू ठोकून हसला. मीही हसलो, कारण म्हटलं, आता हसून घेतलेलं बरं.

ते निवेदन नव्हतं. पाऊस आपल्याकडं पश्चिमेकडनं येतो. त्यामुळं पत्रा घालायला सुरुवात करायची पूर्वेकडनं, म्हणजे पुढचा प्रत्येक पत्रा मागच्यावर चढतो आणि सांध्याचं उघडं तोंड पावसाकडं पाठ करून राहतं. उलटं घातलं की वाऱ्यातला पाऊस सरळ सांध्यात. एवढी साधी गोष्ट. मिस्त्रीला कळायला हवी होती, त्याचे पैसे घेतो तो. मला कळायला हवी होती, मी कोन शिकवतो. कळली कुणाला, तर जो तीन दिवस निव्वळ वायफळ बोलत होता त्याला. शंभर वाक्यांत एक खरं बोलायचं आणि तेही कुस्तीच्या भाषेत, याला काय म्हणावं?

जूनच्या पहिल्या झडीला सांधा गळला. सबंध घरात एकच जागा, आणि ती माझ्या उशीच्या वर. पत्र्यावर पाऊस पडताना घरात एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही, पण तो थेंब बादलीत पडलेला बरोबर ऐकू येतो. मिस्त्रीला फोन लावला. शेवटचा हप्ता हातात पडेपर्यंत त्याचा फोन पहिल्या रिंगला उचलला जायचा. आता तो 'साइटवर' असतो. चौथ्या दिवशी उचलला तेव्हा म्हणाला, "सर, पाऊस उघडला की येतो." कोल्हापुरात जूनमध्ये हे वाक्य म्हणजे दसऱ्याचं आमंत्रण. स्क्रूच्या रबरी वायसरीही पोरांनी जोरात आवळून चेपल्यात, हे मी स्वतः शिडी लावून बघून आलो. शिडीवर चढलो तेव्हा समोर खुर्ची बाहेर आल्याचा आवाज झाला, म्हणून लगेच उतरलो.

तात्यांच्या नातवानं येऊन आमच्या बादलीवर मार्करनं दोन रेघा मारल्यात. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट; आमची अनुक्रमे ९ इंच आणि ११ इंच. रोज सकाळी सातची पातळी तो गल्लीच्या ग्रुपवर टाकतो. काल रात्री आम्ही धोका पातळी ओलांडली.

त्याच वेळी छत्री घेऊन तात्या आले. आत येऊन उशीशी उभे राहिले, वर बघितलं. थेंब जमला, लोंबला, पडला. दुसरा जमला. हा माणूस काही बोलेना. मला वाटलं, आता 'मी सांगितलं होतं' ऐकायचं, आणि खरं तर ते ऐकायची माझी तयारी होती.

"तात्या, बोला की," मी म्हटलं.

"बगलडूब," ते हळूच म्हणाले, सुतकाच्या घरात बोलतात तसं. मग चहा घेतला. कप खाली ठेवताना त्यांनी असाच विषय काढला, जत्रेत निवेदकाला नारळ आणि फेटा असतो म्हणून. फेट्याचं काही नाही, असंही म्हणाले.

आमची ही आत गेली, देवापुढचा नारळ आणला आणि त्यांच्या हातात ठेवला. माझ्यासमोर.