गिअर ऑइल आठ दिवसांत पुन्हा पांढरे झाल्याच्या तक्रारीस आमचे उत्तर

नमस्कार. देवबागला पर्यटकांच्या होडीवर चालणाऱ्या आपल्या ४० अश्वशक्तीच्या आउटबोर्ड (होडीच्या मागे बाहेरून बसवायच्या) इंजिनाचे गिअर ऑइल आमच्याकडे बदलून घेतल्यावर आठ दिवसांतच ते ताकासारखे पांढरे झाले, आम्ही जुनेच ऑइल पुन्हा भरले असावे आणि वर दोन वॉशरचे पैसेही लावले, असे आपण लिहिले आहे. अभिप्राय वाचताच मी त्या दिवशीची कामाची वही काढून पाहिली.

ऑइल नवेच भरले होते, सीलबंद डब्यातले आणि इंजिनाच्या पुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीचे. मात्र वहीत आमच्या मिस्त्रींच्या हातची एक ओळ आहे: ‘जुने ऑइल दुधाळ.’ म्हणजे गिअर केसमध्ये, इंजिनाच्या खालच्या टोकाला पाण्यात राहणाऱ्या गिअरच्या पेटीत, पाणी आधीपासूनच शिरत होते, ते आमच्या नजरेस आले होते आणि तरीही आम्ही केवळ ऑइल बदलून इंजिन परत दिले. इंजिन न्यायला आलेल्या आपल्या खलाशाला हे तोंडी सांगितले होते, पण बिलावर लिहिले नाही आणि आपल्याला फोनही केला नाही. ही चूक पूर्णपणे आमची आहे आणि तिच्याबद्दल मी आपली माफी मागतो.

ऑइल दुधाळ होते ते त्यात पाणी मिसळल्यामुळे, आणि पाणी येण्याची वाट बंद केल्याशिवाय कितीही वेळा ऑइल बदलले तरी ते पुन्हा तसेच होणार. ही वाट बहुधा पंख्याच्या शाफ्टवरील, पाणी अडवणाऱ्या रबरी सीलची असते. कर्ली नदीच्या मुखाशी जाळ्यांचे तुकडे आणि तंगूस (मासेमारीचा नायलॉनचा दोरा) पाण्यात नेहमीच तरंगत असतात. तंगूस पंख्यामागे शाफ्टला गुंडाळला गेला की सीलची कड कापतो, आणि बाहेरून काहीच दिसत नाही. चालून तापलेले गिअर केस इंजिन बंद झाल्यावर पाण्यात थंड होते, आतली हवा आकसते आणि त्या कापलेल्या कडेतून पाणी आत ओढले जाते. दिवसातून अनेक फेऱ्या मारणाऱ्या होडीत हे प्रत्येक थांब्याला घडत असते.

वॉशरविषयी मात्र माझे मत वेगळे आहे. गिअर केसच्या भोकांचे खालचा आणि वरचा असे दोन्ही प्लग (बुचे) काढल्यावरच ऑइल पूर्ण उतरते, आणि नवे ऑइल खालच्या भोकातून पंपाने, वरच्या भोकातून बुडबुड्यांविना बाहेर येईपर्यंत भरावे लागते, म्हणजे आत हवा अडकून राहत नाही. प्लगखालचे वॉशर एकदा दाबले गेले की पुन्हा नीट बसण्याची खात्री नसते. तेच परत वापरून आपले थोडे पैसे वाचवले असते, तर पाणी शिरायला आणखी एक जागा आम्हीच करून दिली असती.

तूर्त कृपया हे इंजिन चालवू नये. त्या दिवशी प्लगच्या चुंबकावर फक्त बारीक राखाडी चुरा होता, धातूचे कण नव्हते. तो चुरा नेहमीच्या झिजेचा असतो, त्यामुळे तेव्हा गिअर सुस्थितीत असावेत. पाणीमिश्रित ऑइलवर आणखी चालवल्यास किंवा तसेच उभे ठेवल्यास बेअरिंग गंजू लागतील आणि मग सीलच्या कामावर भागणार नाही. स्वतः खात्री करायची असल्यास इंजिन रात्रभर सरळ उभे ठेवून सकाळी खालचा प्लग किंचित सैल करावा. पाणी ऑइलपेक्षा जड असल्याने खाली साचलेले पाणी आधी बाहेर येते. पाणी ऑइलमध्ये पुरते घुसळले गेले असेल तर दुधाळ ऑइलच येईल, अर्थ तोच.

इंजिन आमच्याकडे आणल्यास, किंवा आमचा माणूस देवबागला येऊन घेऊन गेल्यास, गिअर केसमध्ये हवेचा दाब देऊन गळती नेमकी कुठे आहे ते आपल्यासमोर दाखवू. त्या तपासणीचे, सील बसवण्याच्या मजुरीचे आणि पुन्हा भरायच्या ऑइलचे पैसे घेणार नाही. फक्त सीलची किंमत आपण द्यावी. यापुढे उतरवलेले ऑइल कसे दिसले, हे आमच्या प्रत्येक बिलावर लिहिलेले असेल, आणि ते दुधाळ असल्यास मालकाशी बोलल्याशिवाय इंजिन बाहेर जाणार नाही.