शास्त्रोक्त नवरा व्हायचंय? मग अर्धाच श्लोक वाचा

मित्रांनो, बायको ऐकत नाही, चहा मागितला की "उठा की, गॅस काय दिल्लीला आहे का" म्हणते, अशी तक्रार असेल तर अजिबात खचू नका, आपल्याकडं मनुस्मृती आहे. १२ अध्याय, अडीच हजाराच्या वर श्लोक, पण घाबरायचं काम नाही, सगळं वाचायचं नसतंय. सरळ पाचव्या अध्यायाच्या शेवटाकडं जायचं. तिथं लिहिलंय की नवरा वाईट चालीचा असो, बाहेरख्याली असो, अंगात एक गुण नसो, तरी साध्वी बायकोनं त्याची देवासारखी सेवा करायची. आता सांगा, एवढ्या कमी पात्रतेवर कुठं नोकरी मिळायलीय? शिपायाच्या जागेलासुद्धा आजकाल ग्रॅज्युएट लाइनीत उभे राहतेत, इथं डायरेक्ट देव.

तिथंच थोडं अलीकडं आणखी एक श्लोक आहे: बायकोनं सदा हसतमुख असावं, भांडीकुंडी लख्ख ठेवावीत आणि खर्चाला हात आखडता ठेवावा. हा मे महिन्यात म्हणायचा. आमच्या परभणीकडं नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतंय, ते बी रात्री दोनला, बायको नाइटीवर ओढणी टाकून टाकीत पाइप धरून उभी असती, तेव्हा गादीवरूनच आवाज द्यायचा, "सदा प्रहृष्टया भाव्यं, हसतमुख गं, हसतमुख!" (मोटार तिच्याजवळच असती, पाइप बी, तेवढं अंतर ठेवून म्हणा.)

मात्र पानं पुढं उलटू नका. नवव्या अध्यायात तोच मनू म्हणतो की पैशाचा संग्रह आणि खर्च, दोन्ही कामं बायकोकडं सोपवा. म्हणजे एटीएम कार्ड, पिनसकट. तिथंच पुढं असंही आहे की नवरा कामासाठी परगावी निघाला तर आधी तिच्या पोटापाण्याची सोय करून मग निघावं. हे वाचलं तर पुण्याला गेलेली आपली निम्मी पोरं अर्ध्या रस्त्यातून परत फिरतील. अन् कुणी चारचौघात महाड काढलंच, २५ डिसेंबर १९२७ ला बाबासाहेबांनी हीच पोथी का जाळली असं विचारलं, तर लगेच "यत्र नार्यस्तु पूज्यन्ते" टाकायचा. फक्त त्याच्या मागचा-पुढचा श्लोक म्हणायचा नाही, तिथं बाप, भाऊ, नवरा, दीर सगळ्यांनी बायकांना कपडे, दागिने, चांगलंचुंगलं खायला देऊन मान ठेवायचा असं आहे, आणि त्याला साड्यांच्या दुकानात पैसे लागतेत.

एक आज्ञा मात्र आपण शंभर टक्के पाळतो. चौथा अध्याय: बायकोसोबत जेवू नये, ती जेवत असताना, शिंकताना, जांभई देताना तिच्याकडं बघू नये. काय ते पालन! ती रात्री अकराला ओट्यापाशी उभ्यानं भाकरीचा तुकडा मोडत जांभया देती आणि आपण मान वर करत नाही, रील्स बघत बसतो. ऋषी धन्य होतील.

आपस्तंब म्हणून आणखी एक जुने सूत्रकार आहेत, ते म्हणतात की नवरा-बायकोत वाटणी होत नसती, लग्नापासून कामात दोघं एकच. हे आमच्या शेजारच्या बीडच्या मुकादमाला न वाचताच पाठ आहे. ऊसतोडीला जाणारं जोडपं म्हणजे एक कोयता, उचल म्हणजे आगाऊ रक्कम बी एक, ती नवऱ्याच्या हातात, आणि पहाटे मोळी तिच्या डोक्यावर. किती ती एकरूपता.

आता माझी चूक सांगतो, ती करू नका. मी पोथी भाषांतरासकट घरी आणली आणि टीव्हीच्या कपाटावर उघडी ठेवली. बायकोनं तिसरा अध्याय काढला. आखाडीला पाहुणे आलते, मी पाटावर बसलो तर म्हणली, "तुम्ही कुठं बसलाव? आधी पाहुणे, मग घरची कामाची माणसं, मग उरलेलं नवरा-बायकोनं, असं लिहिलंय." बरं म्हणलं, दोघंही मागं थांबू. तर हिनं ताट वाढून घेतलं. "सुवासिनीनं पाहुण्यांच्याही आधी जेवायचं, हे बी त्यातच आहे." आता टीकाकार तिथं सुवासिनी म्हणजे नवी नवरी म्हणतेत, मी तसं म्हणून बघितलं, पण भरल्या घरात, आईसमोर, 'तू सुवासिनी नाहीस' हे वाक्य उच्चारून बघा एकदा. माझ्या वाट्याला टोपल्याच्या तळाची भाकर आली, तिचा पापुद्रा बी वाळला होता, आणि पातेल्याला चिकटलेलं पिठलं.

मनूनं दगा दिला म्हणून दुसरे स्मृतिकार याज्ञवल्क्य, त्यांच्याकडं गेलो. तिथं हुकमी श्लोक सापडला: दुष्काळात, धर्मकार्यात, आजारपणात किंवा कैदेत असताना नवऱ्यानं स्त्रीधन वापरलं तर परत द्यायची गरज नाही. मराठवाड्यासाठीच लिहिलाय जणू, इथं लातूरला २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलतं, दुष्काळ सिद्ध करायला कोर्टात जायची बी गरज नाही. तिच्या पाटल्या तीन वर्षांपासून गोल्ड लोनला आहेत. मी छाती काढून श्लोक अर्थासकट वाचला.

तिनं पीठ मळता मळता विचारलं, "दुष्काळ लिहिलाय, खरंय. बुलेट कोणत्या ओळीत आहे?"