१०३६ विरुद्ध ९१६: सिंधुदुर्ग-बीडच्या त्या मेसेजबद्दल

गेल्या आठवड्यात भावकीच्या ग्रुपवर तो मेसेज पडला. दोन दिवसांत शिक्षकांच्या ग्रुपवर आला, मग गावच्या. वर माडांचा आणि समुद्राचा फोटो, खाली मजकूर. थोडक्यात असा: "सिंधुदुर्गात हजार पुरुषांमागे १०३६ स्त्रिया, बीडमध्ये फक्त ९१६. तिकडं मुलीला लक्ष्मी मानतात. तिकडची लोकसंख्या घटली, कारण माणसं शहाणी, कुटुंबं लहान. सगळा जिल्हा समुद्रावर जगतो, पाण्याची चिंता नाही. सगळे एकाच समाजाचे, म्हणून भांडणं नाहीत. शंभर टक्के साक्षर. मराठवाड्यानं यांच्याकडून शिकावं." चुलतभावानं खाली विचारलं, "दादा, तू तर तिथं होतास. खरंय का हे?"

होतो. बीड, परभणी, लातूरकडची डीएड झालेली कितीतरी पोरं एकेकाळी कोकणातल्या जिल्हा परिषद शाळांत लागली, त्यांतला मी एक. कणकवली तालुक्यातल्या एका वाडीवर अकरा वर्षं काढली, मग आंतरजिल्हा बदली मिळून इकडं बीडला आलो. तिकडं मी 'घाटावरचे गुरुजी' होतो, इकडं आता पोरं मला 'कोकणातले सर' म्हणतात. तेव्हा दोन्ही बाजूंचं थोडं बोलायचा हक्क आहे असं समजून लिहितो.

आधी मेसेजचं खरं तेवढं मान्य करतो. १०३६ आणि ९१६ हे दोन्ही आकडे बरोबर आहेत, २०११ च्या जनगणनेतले. जुने आहेत, पण २०२१ ची जनगणना झालीच नाही, त्यामुळं सगळ्यांनाच यांच्यावर भागवावं लागतंय. गडबड आकड्यांत नाही, त्यांच्या अर्थात आहे.

जनगणनेची मोजणी फेब्रुवारीत होते. फेब्रुवारीत माझ्या वाडीवर कोण असायचं? म्हाताऱ्या, म्हातारे, काही सुना, शाळेतली पोरं. कर्ती माणसं मुंबईला. त्यांना तिकडं चाकरमानी म्हणतात आणि तो शब्द उगाच पडलेला नाही. गिरण्या, गोदी, पोलीस, छापखाने, जिथं चाकरी मिळेल तिथं कोकणचा माणूस पिढ्यान्‌पिढ्या गेला. खोलीत दहाजण दाटीनं राहायचे, बायको-पोरं गावाकडं, आणि गाव मनीऑर्डरीवर. १९८२ च्या संपात गिरण्या बुडाल्या, पण मुंबईची वाट मोडली नाही. त्याच २०११ च्या गणनेत मुंबई शहर जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ८३२ स्त्रिया भरल्या. हे ८३२ काही एकट्या कोकणानं केलेले नाहीत, देशभरचे पुरुष तिथं आहेत. पण मुंबईचे ८३२ आणि सिंधुदुर्गाचे १०३६ शेजारी ठेवले की चित्र दिसायला लागतं. रत्नागिरीत तर ११२२ आहेत. मुलींच्या लाडानं आकडा एवढा चढत नाही, पुरुष घरात नसले की चढतो. हीच मोजणी चतुर्थीच्या पाच दिवसांत घेतली असती, तर मेसेज लिहिणाऱ्याच्या हाती काहीच लागलं नसतं. तेव्हा वाडीवर पाय ठेवायला जागा नसते आणि आरतीला पुरुषांचाच आवाज जास्त.

आता खरी गंमत पुढं आहे. सिंधुदुर्गात २००१ साली हे प्रमाण १०७९ होतं, २०११ ला १०३६ झालं. म्हणजे मेसेजच्याच हिशेबानं तिथं दहा वर्षांत मुलींची किंमत कमी झाली म्हणायची! पण मूळ आकडे काढून बघा. पुरुष २००१ मध्ये ४,१७,८९० होते, २०११ मध्ये ४,१७,३३२. जवळजवळ तेवढेच, ५५८ नं कमी. स्त्रिया मात्र ४,५०,९३५ वरून ४,३२,३१९ वर आल्या, १८,६१६ नं कमी. जिल्ह्याची जी १९,१७४ माणसं घटली, त्यांतली ५५८ सोडून बाकी सगळी घट बायकांची.

मी हा हिशेब पहिल्यांदा मांडला तेव्हा बेरीज चुकली असं वाटून पुन्हा केला. मग वाडीवरची एक आजी आठवली. तिच्या घराला कुलूप लागायच्या आदल्या दिवशी ती शाळेत नातवाचा दाखला न्यायला आली होती. म्हणाली, "झील मुंबैक, सून मुंबैक, आता मीया पण जातंय." झील म्हणजे मुलगा. आधी एकटे पुरुष जायचे. मग डोंबिवली, विरार, नालासोपाऱ्याकडं खोल्या घेतल्या गेल्या तशा सुना गेल्या, पोरं गेली, शेवटी त्या पोरांना सांभाळायला आज्या गेल्या. १०७९ चे १०३६ होण्यात या जाण्याचा वाटा मोठा आहे. तिथल्या स्त्रियांचं जगणं सुधारलं की बिघडलं, हे या आकड्यावरून सांगताच येत नाही.

मुलगी नकोशी आहे की हवीशी, हे बघायचं तर शून्य ते सहा वर्षांच्या पोरांचा आकडा घ्यावा लागतो, कारण एवढी पोरं एकटी नोकरीला जात नाहीत. निसर्गतः शंभर मुलींमागे साधारण १०५ मुलगे जन्मतात, म्हणजे हजार मुलग्यांमागे साडेनऊशेच्या आसपास मुली हव्यात. सिंधुदुर्गात २०११ ला होत्या ९२२. राज्याच्या ८९४ पेक्षा चांगलं, पण 'लक्ष्मी मानतात' म्हणून फोटो लावावा इतकं नाही. तो फोटो लावायचाच तर गडचिरोलीचा लावा, तिथं ९६१ होत्या. त्या जिल्ह्याचा मेसेज मला अजून कुणी पाठवलेला नाही.

आणि बीड? इथं माझ्या जिल्ह्याची सुटका होत नाही. बीडचा आकडा ८०७. २००१ ला ८९४ होता, दहा वर्षांत ८७ नं पडला आणि राज्यात सगळ्यांत खाली गेला. महाराष्ट्रानं गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा देशात सर्वांत आधी, १९८८ साली केला होता, हे लक्षात घेतलं की ८०७ आणखी बोचतो. मेसेजमधला फरक १२० चा होता; पोरांच्या आकड्यांनी काढला तर ११५ चा निघतो. म्हणजे अंतर जवळपास तेच राहतं. फक्त त्याचं कारण वेगळं आहे. मेसेजमधला फरक बराचसा स्थलांतरानं घडवलेला, पोरांमधला मात्र सोनोग्राफीच्या खोलीत घडलेला. मेसेज बीडबद्दल कठोर वाटतो, खरं तर तो बीडला स्वस्तात सोडतो.

'आमच्याकडूनही माणसं बाहेर जातात की' असं ग्रुपवर एकानं लिहिलं. जातात, लाखांनी जातात. पण कशी जातात ते बघा. ऊसतोडीत मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो ती कोयत्यावर, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं. एकट्या गड्याला अर्धा कोयता म्हणतात. दोघं एकदम जातात, म्हणून या स्थलांतरानं गावातलं स्त्री-पुरुष प्रमाण फारसं हलत नाही. कोकणात गडी जायचा, बाई राहायची. आकडा वर चढायचा. आमच्याकडं दोघं कोपीवर, म्हणजे तोडणीवाल्यांच्या झोपडीवर, जातात. आकडा आहे तिथंच राहतो. आणखी एक बारकी गोष्ट. मोजणीच्या संबंध काळात जो घरी नाही, त्याला जिथं सापडेल तिथं मोजतात. फेब्रुवारी म्हणजे ऐन गाळपाचा हंगाम. तेव्हा आमच्या कितीतरी टोळ्या सांगली, कोल्हापूर, कर्नाटकातल्या उसाच्या फडात मोजल्या गेल्या असणार. बीडची २५,८५,०४९ ही लोकसंख्या वाचताना मी हे मनात धरून वाचतो.

लोकसंख्या घटली ती शहाणपणानं, हा दुसरा मुद्दा. घटली हे खरं: ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१. राज्यात मुंबई शहर सोडलं तर घट झाली ती फक्त रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात. पण नुसती कुटुंबं लहान झाल्यानं दहा वर्षांत लोकसंख्या अशी घटत नसते. केरळात जोडप्यामागं दोनच्या आत मुलं व्हायला लागून तेव्हा वीसेक वर्षं झाली होती, तरी २००१ ते २०११ मध्ये केरळ जवळपास पाच टक्क्यांनी वाढलंच. कारण आधीच्या मोठ्या पिढीतल्या पोरी वयात येतात, त्यांना प्रत्येकी एक-दोनच मुलं झाली तरी बेरीज वाढत राहते. आकडा खाली यायचा तर माणसं उठून जावी लागतात. माझ्या शाळेत मी रुजू झालो तेव्हा पट एकोणीस होता, निघालो तेव्हा सात. त्या बारा पोरांपैकी बहुतेकांचे दाखले मी स्वतः मुंबई, ठाणे, पुण्याच्या शाळांच्या नावानं लिहिलेत. मागं राहिलेल्या आंबा-काजूच्या बागांत राखणीला नेपाळी गडी, मासेमारीच्या बोटींवर नेपाळी खलाशी. दोडामार्गाकडं रबराचे मळे केरळच्या लोकांनी लावलेत. शहाणपणानं लोकसंख्या आटोक्यात ठेवलेल्या जिल्ह्याला बाहेरून माणसं का आणावी लागतात, हे मेसेजवाल्यानं सांगावं.

समुद्राचं म्हणाल तर जिल्ह्याला किनारा आहे १२१ किलोमीटर, पण आठ तालुक्यांपैकी समुद्राला भिडतात तीनच: देवगड, मालवण, वेंगुर्ला. कणकवली, कुडाळ, सावंतवाडी, दोडामार्ग, वैभववाडी हे पाच आतले. माझ्या वर्गातल्या दोन पोरांनी समुद्र पहिल्यांदा सहलीत पाहिला, माझ्या आयुष्यात मी पाहिला त्यानंतर दोनच वर्षांनी. मासेमारीवर जगणारे म्हणजे किनाऱ्यावरचे गाबीत आणि काही इतर समाज, आणि त्यांच्यातही किनाऱ्यावरून रापणीचं जाळं ओढणारे आणि मोठ्या यांत्रिक बोटींचे पर्ससीन जाळीवाले यांचा झगडा वर्षानुवर्षं चाललेला. बाकीचा जिल्हा भात, नाचणी, आंबा, काजू आणि पगार यांवर चालतो. पाण्याचं तर विचारूच नका. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि तरी मे महिन्यात वाडीवरची विहीर तळाला जायची, कारण जांभ्या दगडात पाणी ठरत नाही, उतारानं समुद्राला जातं. पहिल्या वर्षी घरी फोनवर सांगितलं की इथंही बाया हंड्यानं पाणी आणतात, तर आईला वाटलं मी तिची समजूत काढतोय.

एकाच समाजाचे? हे लिहिणारा कुडाळच्या बाजारात एकदा तरी उभा राहिलाय का? मराठा, कुळवाडी, भंडारी, गाबीत, वैश्यवाणी, गौड सारस्वत, दैवज्ञ, बौद्ध, चर्मकार, सह्याद्रीच्या अंगाचे गवळी धनगर, पिंगुळीचे चित्रकथी आणि बाहुल्यांचे खेळ करणारे ठाकर, लाकडी खेळणी आणि गंजिफा रंगवणारे सावंतवाडीचे चितारी, वेंगुर्ला-मालवण-सावंतवाडीकडचे ख्रिस्ती, बांद्याचे आणि किनाऱ्यावरच्या गावांतले मुसलमान. दोडामार्ग, सावंतवाडीची पोरं रोज गोव्यात कामाला जाऊन येतात, त्यांची बोली कणकवलीच्या मालवणीपेक्षा वेगळी वाजते. आणि भांडणं नाहीत म्हणे. देवळाची गावऱ्हाटी, म्हणजे मानपानाची परंपरागत व्यवस्था, कोण कितवा मानकरी, पालखी आधी कुणाच्या दारात, यावरून कोर्टात गेलेली गावं आहेत. शिवाय सातबारावर तीस-चाळीस नावं, त्यांतली निम्मी मुंबईत. बांध कोरण्यावरून आमच्याकडं होतात तशीच तिकडंही होतात, फक्त तारखेला यायला रेल्वेचं रिझर्व्हेशन लागतं.

साक्षरता ८५.५६ टक्के. राज्याच्या ८२.३४ पेक्षा जास्त, बीडच्या ७६.९९ पेक्षा बरीच जास्त, पण शंभर नव्हे, आणि अकोला ८८.०५ वर आहे. तुलनाच करायची तर जालन्याशी करा. दोन्ही जिल्हे एकाच दिवशी, १ मे १९८१ ला वेगळे झाले. जालना ७१.५२ वर आहे. हे अंतर खरं आहे आणि त्यावर बोलायला हवं, पण त्यासाठी खोटे शंभर टक्के कशाला?

आता पुढची गणना १ मार्च २०२७ या तारखेला धरून होणार आहे, म्हणजे माणसं मोजायचं काम पुन्हा फेब्रुवारीत. आम्हा गुरुजींच्याच गळ्यात पडेल. माझ्या सध्याच्या शाळेत दिवाळी झाली की वर्ग निम्मा होतो. काही पोरं आई-बापाबरोबर फडावर, काही हंगामी वसतिगृहात, उरलेली आजीजवळ. तिकडच्या सात पोरांतलीही पाच आजीजवळच होती.

भावाला उत्तर एवढंच पाठवलं: "पुढं पाठवायचाच असेल तर १०३६ खोडून ९२२ लिही, ९१६ खोडून ८०७. फोटो माडांचाच राहू दे."