दोन ताऱ्यांच्या अभिप्रायाला दुकानाकडून उत्तर

राम राम भाऊ. आमच्याकडून नेलेल्या राक्षसाच्या किटबद्दल, म्हणजे भाग जोडून स्वतः रंगवायच्या पोकळ व्हिनाइल (मऊ पीव्हीसी) फिगरबद्दल, तुमच्या तक्रारी चार: रंग तीन आठवड्यांनंतरही बोटाला चिकटतो, भाग एकमेकांत बसत नाहीत, मे महिन्यात राक्षस घोट्यातून पुढे झुकला, आणि डाव्या हाताचं एक बोट अर्धवट. त्यावरून ‘प्लॅस्टिकच हलकं’ म्हणालात. बोटाचा दोष साच्यातला आहे, तिथे हवा अडकली होती. तो हात बदलून देऊ. बाकीचं प्लॅस्टिकच्या माथी मारू नका.

फोटोत लोखंडी कपाटाला मारतात तो एनॅमल स्प्रे दिसतोय. शेतातला पीव्हीसी पाइप आणि ही फिगर, मूळ प्लॅस्टिक एकच. पाइप कडक, कारण त्यात प्लॅस्टिसायझर, म्हणजे प्लॅस्टिक मऊ करणारा पदार्थ, नसतो. फिगरच्या व्हिनाइलमध्ये तो भरपूर असतो. तो तेलकट पदार्थ वर येऊन एनॅमलमध्ये मुरतो, मग रंग सुकत नाही. दिवाळीपर्यंत थांबलात तरी चिकटच राहील. वरून वार्निश मारू नका. थिनर किंवा नेलपॉलिश रिमूव्हरने तर अजिबात पुसू नका, व्हिनाइलच खराब होईल. रंग काढायचं काम आमच्याकडे सोडा, पैसे नकोत.

पुन्हा रंगवताना पाण्यात कालवायचा ॲक्रिलिक रंगच घ्या. आधी कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि जुना टूथब्रश. साच्याचं तेल राहिलं की रंग पापुद्र्यासारखा निघतो. पातळ दोन-तीन हात द्या.

भाग बसत नाहीत, कारण कडेची जादा पट्टी तुम्ही थंड असतानाच कापलीत. कड दातेरी झाली आहे. हेअर ड्रायरने अर्धा मिनिट गरम करा, मग नवं ब्लेड लोण्यात गेल्यासारखं जातं. जी कड दुसऱ्या भागाच्या आत शिरते तिला हात लावू नका, फक्त तिच्या पुढचं काढा. गरम असतानाच भाग दाबून बसवा आणि लगेच थंड पाण्यात धरा. तुमच्या कापलेल्या कडा एपॉक्सी पुट्टीने भरून निघतील, पुट्टी कडक झाली की ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने ओल्याने घासा.

आता पाय. जळगावचा ४४-४५ अंशांचा उन्हाळा, वर पत्र्याचं घर. पोकळ घोट्यावर अख्ख्या धडाचं वजन. वाकणारच. गरम पाण्यात मऊ करून सरळ करा, थंड पाण्यात घट्ट होऊ द्या. मग पाऊल वाळूत रोवून गुडघ्यापर्यंत प्लास्टर ऑफ पॅरिस भरा, पण दोन टप्प्यांत. प्लास्टर घट्ट होताना तापतं, एकदम ओतलं तर घोटा फुगतो. दोन दिवस सुकल्याशिवाय धड चिकटवू नका.

आमची चूक अशी की डब्यात फक्त जपानी भाषेतला सूचनांचा कागद होता, आणि स्प्रे कुठला वापरणार हे काउंटरवर कुणी विचारलं नाही. आता प्रत्येक डब्यात मराठी पान टाकतो. कापलेलं किट परत घेऊन पैसे देता येणार नाहीत. फिगर घेऊन या, मात्र भुसावळहून येताना गाडीच्या डिकीत ठेवू नका. सकाळी लवकर निघा.