दुधी काच, सॅम्पल्स आणि ‘फसवणूक’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

प्रतिक्रिया तुम्ही सविस्तर लिहिलीत, म्हणून उत्तरही लांबलं आहे. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये घराच्या आतलं दृश्य रेंडर करताना (संगणकाकडून चित्र काढून घेताना) बाथरूमच्या दुधी काचेच्या दाराला सावलीच्या (दिवा दिसतो का हे तपासणाऱ्या) आणि डिफ्यूज (मॅट पृष्ठभागावरून विखुरणाऱ्या) किरणांपुरतं पारदर्शक करा, असं मी सुचवलं होतं. तुमच्या मते ही शुद्ध फसवणूक आहे. तुम्ही म्हणता, काच जीजीएक्सवर (खडबडीत पृष्ठभागाच्या सूत्रावर) ठेवावी, सॅम्पल्स (दर पिक्सेलमागे सोडलेले किरण) वाढवावेत, उरलेला नॉइज, म्हणजे दाणेदारपणा, तो पुसणारा डीनॉइजर काढतो. आणि तसंही मुंबईतला क्लायंट रेंडर व्हॉट्सअ‍ॅपवरच बघतो.

सॅम्पल्सचं गणित सरळ आहे. नॉइज निम्मा करायचा तर सॅम्पल्स चौपट लागतात. 500 चे 2000 केले की निम्मा, 8000 केले की पाव. सकाळी दहाला परळला मीटिंग असेल, तर हे गणित रात्री अकरा वाजता फार कडू लागतं.

पण अडचण मुळात संख्येची नाहीच. दाराआड बाथरूममध्ये दिवा आहे आणि बाहेर पॅसेजच्या लादीवर उजेड पडायला हवा, असा सीन घ्या. लादीवरच्या बिंदूपासून सायकल्स, म्हणजे ब्लेंडरचं रेंडर इंजिन, दिव्याकडे सावलीचा किरण सोडतं. तो काचेवर अडतो, म्हणजे हिशेबात इथे दिवा नाहीच. मग लादीवरून उसळलेला किरण योगायोगाने दाराकडे जावा, काचेच्या दोन्ही पृष्ठभागांतून वळावा आणि पलीकडे नेमका दिव्याच्या रोखाने निघावा, एवढाच मार्ग उरतो. काच हलकीच दुधी असेल तर हा मार्ग आणखी अरुंद. बहुतेक किरण रिकाम्या हाताने परततात आणि एखाद्याला घबाड लागतं. लादीवर चमकणारे पांढरे ठिपके म्हणजे हीच घबाडं. रिफ्रॅक्टिव्ह कॉस्टिक्स (काचेतून वळून पडणारा उजेड) बंद केले तर हा मार्गही जातो आणि पॅसेजमध्ये अगदी स्वच्छ, नॉइज नसलेला काळोख मिळतो.

ब्लेंडर 3.4 मध्ये, म्हणजे डिसेंबर 2022 ला, आलेलं पाथ गायडिंग अशा ठिकाणी खरोखर उपयोगी आहे. उजेड कुठून येतोय हे ते रेंडर चालू असतानाच शिकत जातं. फक्त ते आलं सीपीयूसाठी, आणि तुम्ही तर आरटीएक्स ग्राफिक्स कार्डाच्या भरवशावर आहात.

आता डीनॉइजर. मीही वापरतो, रोज वापरतो. पण त्याला कडा ओळखायला अल्बेडो (मूळ रंग) आणि नॉर्मल (पृष्ठभागाची दिशा) या पासेसचा, म्हणजे रेंडरसोबत निघणाऱ्या माहितीच्या चित्रांचा, आधार लागतो. दुधी काचेवर तिथे काय असतं? काचेचाच सपाट रंग आणि काचेचंच सपाट नॉर्मल. मागचा टॉवेल, बेसिन, आत उभा असलेला माणूस यांचा पत्ताच नाही. म्हणून नॉइज जास्त असला की डीनॉइजर काचेवर ढगाळ डाग बनवतो. स्टिलमध्ये ते खपून जातात. वॉकथ्रूमध्ये मात्र फ्रेमगणिक हलतात आणि दार उकळत असल्यासारखं दिसतं.

‘फसवणूक’ या शब्दावर मात्र मी भांडणार. डीनॉइजर शेजारच्या पिक्सेलवरून अंदाज बांधतो, क्लॅम्प (अति चमकदार किरणांना मर्यादा घालणारी सेटिंग) सरळसरळ उजेड कापतो, आणि हे दोन्ही तुम्हाला चालतं. मग सावलीच्या किरणाच्या माझ्या युक्तीनेच काय घोडं मारलंय? जीजीएक्स हे सूत्र 2007 साली वॉल्टर आणि सहकाऱ्यांच्या निबंधातून आलं, तेही खडबडीत पृष्ठभागातून होणाऱ्या अपवर्तनासाठीच. पण पृष्ठभाग कसा वागतो एवढंच ते सांगतं. दिव्यापर्यंतचा रस्ता शोधून देणं त्याचं काम नाही. शिवाय साधं जीजीएक्स रफनेस (खरखरीतपणा) वाढला की थोडी ऊर्जा गिळतं, म्हणून तर मल्टिस्कॅटरचा (किरण पृष्ठभागावर अनेकदा उसळतो हे धरणारा) पर्याय द्यावा लागला.

मी कॅमेऱ्याला खरी जीजीएक्स काचच दाखवतो. काचेला टेकलेल्या शॅम्पूच्या बाटलीची कड बऱ्यापैकी स्पष्ट आणि हातभर मागचा नळ नुसता डाग, ही गंमत दुसऱ्या कशाने येत नाही. उजेड बाहेर नेण्याचं काम तेवढं पारदर्शक शेडरकडे (शेडर म्हणजे पृष्ठभाग उजेडाशी कसा वागेल हे ठरवणारी सेटिंग). त्याचा रंग शुभ्र न ठेवता थोडा गडद ठेवायचा, नाहीतर काच नसल्यासारखाच पॅसेज उजळतो.

ही युक्ती खिडकीला लावू नका. आपल्याकडे खिडकीला लोखंडी ग्रिल असतं. दुपारचं पश्चिमेचं ऊन आलं की पारदर्शक सावलीमुळे ग्रिलची रेखीव जाळी लादीवर उमटते. खऱ्या दुधी काचेने ती विरघळवून टाकली असती. तिथे काच एकाच प्लेनची करून ट्रान्सलूसंट (उजेड विखरून आरपार सोडणारा) शेडर द्या, किंवा काचेच्या आतल्या बाजूला तिच्याच मापाचा एरिया लाइट (पसरट दिवा) ठेवून तो कॅमेऱ्यापासून लपवा. डक्टमध्ये उघडणाऱ्या लूव्हर्सना मी यातला दुसरा, एरिया लाइटचा, उपाय करतो. तिथून बाहेरचं काही बघण्यासारखं नसतंच.

व्हॉट्सअ‍ॅपबद्दल: जेपेगच्या दाबणीत दाणेदार भागच आधी चौकोनी होतात. त्यामुळे नॉइज तिथे लपत नाही, उठून दिसतो.

तुम्ही विचारलं नाहीत, पण तुमच्या स्क्रीनशॉटमध्ये 10 मिमीच्या काचेला दोन्ही बाजूंनी सारखाच रफनेस आहे. सँडब्लास्ट केलेली काच बहुधा एकाच बाजूने खरखरीत असते. दोन्हीकडे दिलं की धूसरपणाही वाढतो आणि नॉइजही. प्रत्यक्षात खरखरीत बाजू शॉवरपासून लांब, कोरडी ठेवतात, कारण ओली झाली की पाणी त्या बारीक खड्ड्यांत भरतं आणि आरपार दिसू लागतं. रेंडरमध्ये मी नेमकं उलट करतो आणि खरखरीत बाजू दिव्याकडे वळवतो. किरण काचेतून शेवटी ज्या पृष्ठभागावर बाहेर पडतो तो गुळगुळीत असला, तर तिथून दिव्याकडे सोडलेला सावलीचा किरण कामाचा नसतो. खरखरीत असला की तो कामाला येतो. 10 मिमीने जागा बदलल्याचा फरक डोळ्यांना कळत नाही.