सुट्या भागांवरील तारखा आणि गाडीचा अस्सलपणा: एका दाव्याचा प्रतिवाद

गोव्यात जुन्या गाड्या बाळगणाऱ्या मंडळींमध्ये सध्या व्हॉट्सअ‍ॅपवरून एक मजकूर फिरत आहे. गाडी अस्सल असेल तर तिच्या प्रत्येक भागावर आरसी बुकातील वर्षाचीच तारीख असते. वेगळी तारीख दिसली की गाडी जोडकामाची समजून निम्मीच किंमत द्यावी. तारखा जुळल्या तर निःशंकपणे घ्यावी. आणि मालकाने न जुळणारे भाग बदलून टाकावेत, असा त्याचा आशय आहे. या मजकुरापायी चांगल्या गाड्यांचे सौदे मोडलेले आणि चांगले भाग भंगारात गेलेले मी पाहिले आहेत, म्हणून त्यातील एकेक विधान तपासतो.

पहिले विधान मुळातच चुकीचे आहे. डायनामो (इंजिनच्या फिरण्यावर वीज तयार करणारे यंत्र), दिवे, काचा, वायपरची मोटर हे भाग वेगळ्या कारखान्यांत तयार होतात, काही काळ गोदामात राहतात आणि मग गाडीवर चढतात. गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे आलेल्या एका मॉरिस मायनर या ब्रिटिश गाडीचा, ल्यूकस या विजेचे भाग बनवणाऱ्या ब्रिटिश कंपनीचा डायनामो रॉकेलने धुऊन पितळी ब्रशने घासला, तेव्हा रंगाच्या थराखाली भागाच्या क्रमांकाशेजारी ‘८ ५८’ असे ठोकलेले आकडे निघाले, म्हणजे ऑगस्ट १९५८. गाडीची बांधणी मात्र जानेवारी १९५९ची आहे. मजकुराच्या हिशेबाने हा दोष ठरतो. वास्तविक काही महिने आधीची तारीख हीच तो डायनामो गाडीसोबत आला असावा याची उत्तम खूण आहे. तारखांच्या बाबतीत अत्यंत काटेकोर असलेल्या अमेरिकन कॉर्व्हेट या स्पोर्ट्स गाडीच्या परीक्षणातही हे अंतर स्वाभाविकच मानतात.

त्यातही आरसी बुकातील वर्ष प्रमाण मानणे गोव्यात विशेष घातक आहे. १९ डिसेंबर १९६१पर्यंत येथे पोर्तुगीज राजवट होती आणि युरोपात बांधलेल्या गाड्या जहाजाने मुरगावला उतरत. बांधणी, समुद्रप्रवास, विक्री आणि पुढे भारतीय नोंदणी यांत किती काळ गेला, हे प्रत्येक गाडीचे वेगळे असते. कुर्ल्याला जुळवलेल्या सुरुवातीच्या फियाट किंवा मद्रासच्या स्टँडर्ड हेरल्ड यांचे बरेच भाग परदेशातून पेट्यांत येत, त्यामुळे तेथेही अंतर वाढलेले दिसते. मॉरिससारख्या ब्रिटिश गाडीची बांधणीची तारीख ब्रिटिश मोटर म्युझियमच्या प्रमाणपत्रातून मिळू शकते. ताडून पाहायचेच असेल तर त्या तारखेशी पाहावे.

दुसऱ्या विधानात थोडे तथ्य आहे. गाडी बांधून झाल्यानंतरच्या तारखेचा भाग कारखान्यात बसलेला असू शकत नाही, आणि असा भाग म्हणजे इंजिनचा ब्लॉक असेल तर किंमत कमी होणे रास्तच आहे. पण खाऱ्या वाऱ्यात आणि चार महिन्यांच्या पावसात साठ वर्षे चाललेल्या गाडीची वायपर मोटर किंवा दिवा बदललेला असणे ही देखभाल आहे, लबाडी नव्हे. गाडीची ओळख चॅसी क्रमांक, इंजिन क्रमांक आणि कागदपत्रांवर ठरते. केंद्र सरकारच्या २०२१च्या नियमांनीही व्हिंटेज गाडीसाठी पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांची अट घालून चॅसी, बॉडी शेल आणि इंजिन यांतील मोठ्या फेरफारांवरच बोट ठेवले आहे.

तारखा जुळल्या की निःशंक व्हावे, हा सल्ला मला सर्वांत धोक्याचा वाटतो. ठोकलेले आकडे लोखंडी पंचांच्या साध्या संचाने कोणालाही उमटवता येतात. विक्रीला आलेल्या एका गाडीत सर्व तारखा नेमक्या जुळत होत्या. परंतु भिंगातून पाहिल्यावर एका मोटरवरील खाचांच्या कडा चकचकीत होत्या आणि भोवतालचा पत्रा मात्र गंजाने खाल्लेला होता. ओतीव, म्हणजे धातू साच्यात ओततानाच उठावाने उमटलेल्या तारखा बनवणे अवघड असते, पण त्या वाचायला अभ्यास लागतो. शेव्हर्लेच्या ब्लॉकवरील ‘सी १४ ३’ यात ‘सी’ म्हणजे मार्च, १४ हा दिवस आणि ३ हा वर्षाचा केवळ शेवटचा अंक. दशक कोणते, हे ओतकामाच्या क्रमांकावरून ठरवावे लागते. ल्यूकसच्या शिक्क्यात पहिला आकडा बारापेक्षा मोठा असेल तर तो महिना नसून आठवडा असतो.

राहिला भाग बदलण्याचा सल्ला. त्या मॉरिसच्या मालकांनी मजकूर वाचून ‘५९’चा एक डायनामो विकतही आणला होता आणि जुना भंगारात द्यायला सांगितले होते. मी दोन्ही टेबलावर ठेवून वरील हिशेब त्यांना समजावला. जुन्याला नवे बुश आणि कार्बन घालून तोच गाडीवर चढवला. विकत आणलेला डिकीत तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवला आहे.