तारेच्या जवळ जाण्याची रीत

नवी मुंबईत घणसोलीच्या गावठाणात घर आहे, शेजारून 11 केव्हीची (11 हजार व्होल्टची) उघडी तार जाते आणि वर आणखी एक मजला हवाय? चढवा की. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचा नियम म्हणतो, अशी तार बाजूने जात असेल तर 1.2 मीटर आणि माथ्यावरून जात असेल तर 3.7 मीटर अंतर हवं. पण हे अंतर बांधकामाच्या सगळ्यात पुढे आलेल्या भागापासून मोजतात. म्हणून भिंत नियमात ठेवा. मग बाल्कनी काढा, बाल्कनीला ग्रिल लावा, ग्रिलबाहेर कपड्यांची दांडी टाका. नकाशात दांडी कोण दाखवतं?

टेप लावायचीच वेळ आली तर जानेवारीत, पहाटे लावा. मे महिन्यात दुपारी तार उन्हाने आणि एसीच्या लोडने तापते, लांबते आणि खाली झोळ धरते. माथ्यावरचं अंतर नेमकं त्या सर्वांत जास्त झोळाला मोजायचं असतं, बाजूचं वाऱ्याने तार जास्तीत जास्त झुलेल तेव्हाचं. एवढा बारकावा कशाला?

सळई 12 मीटरची येते. खाली कापून वर नेण्यात मजुरी जाते, तेव्हा अख्खीच उभी करून वर ओढा. भीती वाटलीच तर तारेवर चिरलेला पीव्हीसी पाइप चढवा. उन्हात तो तडकतो, पावसात आत पाणी धरतो, आणि 11 केव्हीला तो मुळात इन्सुलेशनच नाही. पण दिसतो छान, आणि मूल निर्धास्त हात लावतं.

आरोग्याची काळजी मात्र मोबाइल टॉवरचीच करा. उशाशी तार असली तरी चालेल. चुंबकीय क्षेत्र व्होल्टवर नाही, वाहणाऱ्या करंटवर ठरतं आणि विटांच्या भिंतीतून आरामात आत येतं. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2002 मध्ये त्याला ‘कदाचित कर्करोगकारक’ गटात टाकलं. त्यातलं ‘कदाचित’ तेवढं पाठ करा. (पारंपरिक आशियाई पद्धतीचं भाज्यांचं लोणचंही त्याच गटात आहे, हे शेजाऱ्याला सांगायला उपयोगी.)

राहता राहिले ठाणे खाडीतले फ्लेमिंगो. जाड तारा दिसल्या की ते वर उसळतात आणि विजेच्या मनोऱ्यांच्या माथ्यावरची, आकाशातली वीज झेलणारी बारीक अर्थ वायर त्यांना दिसत नाही. तिच्यावर अधूनमधून सर्पिल डायव्हर्टर (तार पक्ष्यांना दिसावी म्हणूनची वेटोळी) बसवले की धडका कमी होतात. पण अभयारण्य 2015 चं, पाणथळ जागांना मिळणारा आंतरराष्ट्रीय रामसर दर्जा 2022 चा. पक्ष्यांनी एव्हाना शिकायला हवं होतं.

कागदपत्रांची घाई नको. बांधकामाआधी तारेच्या मालक कंपनीला आणि विद्युत निरीक्षकाला लेखी कळवायचं असतं, आणि तार हलवण्याचा खर्च आपल्याच माथी येतो. त्यापेक्षा स्लॅब टाकून घ्या, रंग मारा, वास्तुशांत उरका. मग अर्ज करा: ‘आमच्या खिडकीजवळ धोकादायक तार आली आहे, ती तातडीने हलवावी.’